मागच्या दाराजवळचं बटन

माझी थोरली बहीण आर्डेल स्कोगन हिने आमच्या तालुक्यात शाळेची बस चालवली, तरुणपणी सुरू केली ती गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत, आणि एवढ्या काळात तिने एकही मूल बसमध्ये विसरलं नाही. ही बढाई नव्हे. बढाई मारायची तर माझी मला पुरेशी आहे. गावातल्या निम्म्या बायकांचे केस मी रंगवलेत आणि कुणाचा मूळ रंग कोणता हे आजतागायत बाहेर फुटू दिलेलं नाही. आर्डेलचं सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यातूनच झाला.

शाळेच्या बसची एक रीत आहे. फेरी संपली, बस जागेवर लावली, किल्ली फिरवली, की ती टीं टीं करून कान खायला लागते. ते बंद करायचं बटन ड्रायव्हरच्या हाताशी नसतं. ते असतं पार मागे, शेवटच्या सीटच्या वर. मुद्दाम. ड्रायव्हरने उठावं, मधल्या वाटेने दोन्हीकडच्या सीटा बघत, वाकून सीटांखाली बघत मागपर्यंत जावं, म्हणून. कारण एखादं पिटुकलं पोर दप्तराला मिठी मारून झोपलेलं असतं, आणि विस्कॉन्सिनच्या हाडं गोठवणाऱ्या जानेवारीत बसमध्ये राहिलेलं पोर म्हणजे काय, हे मी सांगायला नको. सगळं बघून झालं की बटन दाबायचं, मागच्या काचेत 'बस रिकामी आहे' अशी पाटी अडकवायची आणि मग घरी.

मुलं बसमध्ये असतानासुद्धा आर्डेल एक चक्कर मारायचीच. तेव्हाची तिची हाक ठरलेली, "पाय आत!" आणि सीटांच्या दोन्ही रांगांतले पाय असे आत जायचे, की कवायतीच्या मास्तरांनी शिकून घ्यावं.

पुढे तिचा नवरा ऑर्व्हिल गेला. मूलबाळ नव्हतं. मग आर्डेलची गाडीची किल्ली लोण्याच्या डब्यात सापडायला लागली आणि लोणी गाडीत. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं, कायद्याने मी तिची पालक झाले, आणि तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवलं. होमचं नाव घेत नाही. नावात एक झाड आहे आणि एक तळं. आवारात दोन्ही नाहीत, पार्किंग आहे. मालक दुसऱ्या कुठल्या राज्यातली कंपनी. आमच्या म्हाताऱ्यांची काळजी ते तिथे बसून घेतात.

होमला एक लांबलचक व्हरांडा होता, बंदिस्त, दोन्ही भिंतींना टेकून खुर्च्या मांडलेल्या. पुढच्या टोकाला नर्सांचं टेबल, मागच्या टोकाला बाहेर जायचं दार. आर्डेलने पहिल्याच दिवशी टेबलाजवळची खुर्ची धरली, छातीवरून पट्टा ओढल्यासारखा हात फिरवला आणि आरशात बघावं तसं वर बघितलं. मी मनात म्हटलं, बाई नोकरीवर हजर झाली.

आणि खरंच झाली होती. तिथे कोणी म्हातारा पलंगावरून उठला, कोणी दार ढकललं, की अलार्म वाजायचा. टीं टीं, हुबेहूब बससारखा. तो बंद करायचं बटन तेव्हा मागच्या दाराशेजारी होतं. अलार्म वाजला की आर्डेल उठायची, मधल्या वाटेने निघायची, सगळ्यांच्या खुर्च्यांखाली बघत बघत मागे जायची, बटन दाबायची आणि समाधानाने परत येऊन बसायची. तोवर नर्सबाई पडणाऱ्या म्हाताऱ्याला धरून आलेली असायची.

"लव्हॉनमावशी, तुमच्या बहिणीला पगार द्यायला हवा," पानिया मला म्हणायची. पानिया लोर ही तिथली सेविका, लाओसकडून आलेल्या ह्माँग लोकांतली पोरगी, बुटकी नि चपळ. "सगळ्या खुर्च्या बघूनच परत येते. आमच्यातलं कोणी एवढं बघत नाही."

मग एक दिवस मी गेले तर मागच्या दाराजवळ बटन नाही. भिंतीवर चौकोनी डाग, त्यावर ताजा रंग. बटन पुढे आणून टेबलावर बसवलेलं. होमची व्यवस्थापक ट्रिश डॅमरो मोठ्या कौतुकाने मला दाखवायला लागली.

"कंपनीने सगळ्या होम्समध्ये केलंय, लव्हॉन. आता बसल्या जागी बंद करता येतं. किती सोयीचं."

ट्रिश आमच्याच गावची. दोन वेण्या घालायची तेव्हापासून मी तिला ओळखते. त्यातली एक वेणी शेजारच्या पोराने कात्रीने कापली तेव्हा दुसरी मीच सारखी करून दिली होती.

"ट्रिश, तू आर्डेलच्या बसने शाळेत जायचीस," मी म्हटलं. "बटन मागे का असतं, हे मी तुला सांगायचं?"

"ती बस होती गं."

"ती बटन शोधत मागे जाणार. बटन नाही, मग काय दाबणार? समोर त्या दाराचा दांडा आहे."

आगीच्या कायद्याने त्या दाराला कुलूप घालता येत नाही. आडवा दांडा दाबला की दार उघडतं. पलीकडे सिमेंटच्या पायऱ्या.

"बघू," ट्रिश म्हणाली.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. 'छान कल्पना आहे' म्हणजेही 'नाही'च. तोंडावर नाही म्हणायचं धाडस इकडे कोणात नाही, त्यामुळे आम्ही फार सभ्य समजले जातो. मला त्या दिवशी तिथेच पाय आपटायला हवे होते, पण शुक्रवार होता, चर्चमध्ये तळलेल्या माशाचं जेवण होतं, आणि ट्रिशची आई माझ्याच टेबलाशी बसणार होती. मी घरी गेले.

हिवाळा सरता सरता मला फोन आला. "तुमच्या बहिणीच्या बाबतीत एक प्रसंग घडला आहे." प्रसंग. जणू काही बारसं होतं. झालं ते असं: दुपारी कोणी एक आजोबा पलंगावरून उठले, अलार्म वाजला, आर्डेल उठून मागे गेली. भिंतीवर बटन चाचपलं. सापडलं नाही. दांडा दाबला. दार उघडलं, दाराचाही अलार्म वाजला, तोही तसाच टीं टीं. टेबलापाशी कोणीतरी बोटाने दोन्ही एकदम बंद केले. कोणी मागे जाऊन बघितलं नाही. बघायची गरजच उरली नव्हती. सोय ती हीच.

आर्डेल बर्फाळलेल्या पायऱ्यांवरून पडली. ती सापडली पाववाल्याला, गाडी मागे लावताना. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ निळे. पाववाला मला पुढे रडत सांगत होता, की त्याने स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला तर ती त्यालाच धीर देत म्हणाली, "घाबरू नको. मी बघितलंय. आत कोणी राहिलेलं नाही."

मी दवाखान्याच्या बाकावर बसून हे ऐकलं आणि मला भयंकर संताप आला. मी आयुष्यभर केस कापले, गळे कापले नाहीत. पण त्या दिवशी कात्री जवळ नव्हती हेच बरं झालं. तिने जन्मात कोणाला मागे सोडलं नाही. तिला मात्र मागे सोडलं, आणि तेही उजेडात, माणसांनी भरलेल्या घरात.

तरी मी दावा लावला नसता. आम्ही दावे लावणारे लोक नव्हे. शेजाऱ्याचं झाड कौलांवर पडलं तर आम्ही त्याला केक नेऊन देतो, त्याला वाईट वाटलं असेल म्हणून. पण कंपनीचं पत्र आलं. त्यात म्हटलं होतं, की रहिवासी महिला स्वतःच्या भटकण्याच्या सवयीमुळे, स्वतःच्या कृतीने बाहेर पडली. ती असं करील याची कल्पना येणं कोणालाही शक्य नव्हतं. म्हणजे खापर आर्डेलच्या डोक्यावर. पडली ती, मोडली ती, आणि वर गुन्हेगारही तीच.

मी ते पत्र घेऊन ब्रेंट झिमडार्सकडे गेले. ब्रेंट गावातला वकील. शांत, टक्कल पडलेला, त्यामुळे माझ्या काही उपयोगाचा नाही. हाही आर्डेलच्या बसमधलाच. हॅलोविनची गोळ्याचॉकलेटं हादडून दुसऱ्या दिवशी तो तिच्या बसमध्ये असा ओकला होता, की ती सीट पुढे वर्षभर झिमडार्सची सीट म्हणूनच ओळखली गेली.

"मला त्या पानियाला कोर्टात उभं करायचंय," मी म्हटलं. "तिनेच बंद केला असणार अलार्म."

"तिनेच केला," ब्रेंट म्हणाला. "मी तिच्याशी बोललो. तिने लगेच कबूल केलं. त्या वेळी एक आजोबा तिच्या खांद्यावर लोंबकळत होते आणि दुसरी नर्स आलीच नव्हती. अख्ख्या व्हरांड्याला ती एकटी. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी पानियाचं नाव सोडून दिलं. मला हार मानायला आवडत नाही.

"बटन मागे असतं तर तिला जावं लागलं असतं," तो म्हणाला. "ते ज्यांनी पुढे आणलं त्यांच्याशी भांडा. पण लव्हॉनबाई, एक अडचण आहे. कायद्यात नुसतं नुकसान झालं म्हणून भागत नाही. हे होऊ शकेल हे त्यांना कळायला हवं होतं, हे आपल्याला दाखवावं लागेल."

"मी ट्रिशला सांगितलं होतं ना, तोंडावर."

"ट्रिश म्हणते, आठवत नाही. नोंद नाही."

"आठवत नाही? मग तिलाही तिथेच एक खोली द्या."

ब्रेंट हसला नाही. त्याचा हाच दोष आहे.

कोर्टात जाण्याआधी मध्यस्थापुढे बसायचं ठरलं. मध्यस्थ म्हणजे निवृत्त न्यायाधीश टॉर्कल्सन, आमच्याच गावचे, ढगळ स्वेटर, कानात यंत्र, बर्फाला भोक पाडून मासे धरायचं वेड. त्यांनी निरोप धाडला, की मला ते दार बघायचंय, तेव्हा आपण होममध्येच बसू. कंपनीची हरकत नव्हती. कंपनीने मिलवॉकीहून एक वकीलबाई पाठवली, मिस प्रॅदर. उंच टाचा, केस उत्तम कापलेले. शत्रूचं असलं तरी चांगल्या कामाला मी चांगलंच म्हणते.

आम्ही व्हरांड्यातच खुर्च्या घेऊन बसलो, दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला. मी ब्रेंटला म्हटलं होतं की वेळ तीच घे, आर्डेलच्या बसची. दोन्ही भिंतींना नेहमीची मंडळी. एकीकडे एल्रॉय, जन्मभर गाई राखलेला, आता स्वतःचं नावही हरवलेला. त्याच्याशेजारी दोघी विधवा बहिणी, ज्या एकमेकींना शेजारीण समजतात. एक माणूस बादली मधोमध ठेवून फरशी पुसत होता. आणि टेबलाजवळच्या आपल्या खुर्चीत आर्डेल, पुढे तिचा चालायचा चारपायी आधार, हनुवटी छातीला टेकलेली, गाढ झोपेत.

मिस प्रॅदर छान बोलली. तिचं म्हणणं, की हा आजार असा आहे की माणूस पुढच्या क्षणी काय करील याचा नेम नाही. "मिसेस स्कोगन अलार्म ऐकून नेमक्या त्या दाराकडे जातील, हे भाकीत कोणी करायचं? तिथल्या कर्मचाऱ्यांना असं काही कधी आढळलं नव्हतं. बरोबर ना, मिस डॅमरो?"

"बरोबर," ट्रिश म्हणाली. ती फरशीकडे बघत होती. तिने आपली भली मोठी पिशवी पायाशी ठेवली होती आणि पाय लांब पसरले होते.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"लव्हॉनबाई," ब्रेंट पुटपुटला.

"सांगितलं होतं. बटन काढलंत त्याच दिवशी."

"लव्हॉन, मला खरंच आठवत नाही गं," ट्रिश म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

न्यायाधीशांनी कानातलं यंत्र सारखं केलं. "आपण तो अलार्म ऐकू या का?"

ब्रेंटने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं, कारण माझ्याही तेच होतं. खुबा मोडल्यापासून आर्डेल आपण होऊन कधी उठली नव्हती. पानिया धरून उठवायची तेव्हा चार पावलं टाकायची, तीही कुरकुरत. आता अलार्म वाजला आणि ती घोरतच राहिली, तर मिस प्रॅदरचंच खरं ठरणार होतं: या बाईचा काही नेम नाही. आणि ते खापर कायमचं आर्डेलच्या डोक्यावर बसणार होतं.

"अवश्य ऐका," मिस प्रॅदर म्हणाली. "किती पटकन बंद करता येतो तेही दिसेल."

"बंद नका करू एवढ्यात," न्यायाधीश म्हणाले. "मला ऐकायला वेळ लागतो."

पानियाने एका रिकाम्या पलंगावरची गादी दाबून सोडली. टीं टीं सुरू झालं.

आर्डेल हलली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले, इतकी, की माझे डोळे झोंबले. उठ गं बाई, मी मनात म्हणत होते. जन्मभर या आवाजाला तू उठून मागे गेलीस, आता उठ. ती हलली नाही. तोंड किंचित उघडं, गालावर लाळेचा ओघळ.

पण न्यायाधीश तिच्याकडे बघतच नव्हते. ते व्हरांड्याकडे बघत होते. म्हणून मीही बघितलं.

एल्रॉयने दोन्ही पाय उचलून खुर्चीखाली घेतले होते. दोघी विधवा बहिणींनी पाय आत घेतले, आणि एकीने दुसरीची सपातही आत ओढली. पलीकडच्या रांगेत एकामागून एक गुडघे वर आले, जे अजिबात बोलत नाहीत त्यांचेसुद्धा. फरशी पुसणाऱ्याने न बघता काठीने बादली भिंतीशी ढकलली. स्वयंपाकघरातून ढकलगाडी घेऊन निघालेली बाई थबकली आणि गाडी मागे ओढून दारात उभी राहिली, वाट द्यायला. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. सगळी वाट टोकापर्यंत मोकळी झाली.

आणि ट्रिश डॅमरोने लांब पसरलेले पाय आत घेतले, वाकून पिशवी उचलली आणि मांडीवर ठेवली.

मग आर्डेल जागी झाली. तिने हाताने लाळ पुसली, छातीवरचा नसलेला पट्टा सोडला, नसलेली किल्ली फिरवून खिशात टाकली आणि आधाराला धरून, चेहरा वेडावाकडा करत, उठून उभी राहिली. पानिया मागोमाग गेली, हात तिच्या कमरेजवळ धरून, पण न लावता. आर्डेल एकेका खुर्चीपाशी थांबत होती. उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, वाकता येईल तेवढं वाकायचं. मिस प्रॅदरपाशी ती जरा जास्तच थांबली.

"काय गं, तुझा थांबा गेला का?"

मिस प्रॅदरने माझ्याकडे बघितलं. मी काही तिच्या मदतीला गेले नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी... माझा पुढे आहे."

"मग पुढे येऊन बस. मागे मुलं त्रास देतात."

आर्डेल शेवटपर्यंत पोचली. तिने आधार सोडला आणि उजवा हात भिंतीवर ठेवला, त्या रंगवलेल्या चौकोनी डागावर. बोटं फिरवली. वर, खाली, पुन्हा वर. अलार्म वाजतच होता. "इथेच होतं," ती म्हणाली. आवाज रडवेला. "इथेच होतं हो." मग तिचा हात भिंतीवरून घसरत दाराकडे गेला आणि तिने दांडा धरला.

मी उठले, पण न्यायाधीश टॉर्कल्सन माझ्याआधीच पोचले होते. त्यांनी आपला रुंद पंजा दारावर टेकवला आणि दार बंद ठेवलं. "झालं, मिसेस स्कोगन," ते म्हणाले. "मी बघितलं. कोणी राहिलं नाही." पानियाने टेबलाकडे ओरडून अलार्म बंद करायला सांगितलं. आर्डेलने सुटकेचा श्वास सोडला.

पानियाने तिला परत आणून खुर्चीत बसवलं. न्यायाधीश सावकाश परत आले, बसले, यंत्र सारखं केलं.

"ट्रिश, तू पाय का उचललेस?"

ट्रिशने पायांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मग मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"तेव्हा ती झोपलेली होती," न्यायाधीश म्हणाले. "उठेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या बहिणीलाही वाटलं नव्हतं. तुला वाटलं."

मिस प्रॅदर पुढे सरकली. ती हुशार होती, तिला दोष नाही. "साहेब, मिस डॅमरो लहानपणी मिसेस स्कोगनच्या बसमध्ये होत्या. ही बालपणीची सवय असू शकते. तिचा होमशी काही संबंध नाही."

"असं म्हणता?" न्यायाधीशांनी जरा विचार केला. "मग तर तिला हे दोन वेण्या होत्या तेव्हापासून माहीत आहे."

ब्रेंट हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं; दात चांगले आहेत.

"आणि एल्रॉय कुठल्या बसमध्ये होता?" मी म्हटलं. "तो आयुष्यभर गोठ्यात होता."

मिस प्रॅदरने वही मिटली. ती ट्रिशकडे वळून हळूच काही विचारायला लागली, पण ट्रिश थांबलीच नाही. "तिने सांगितलं होतं," ती म्हणाली. "लव्हॉनने. टेबलापाशी. शुक्रवार होता. मी कंपनीला फोन केला होता, ते म्हणाले एका बाईसाठी वायर पुन्हा ओढता येणार नाही. मग मी कोणाला काही म्हटलं नाही." आणि ती रडायला लागली, पिशवीला धरून.

मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी तिला असं काही सुनावीन की तिच्या सात पिढ्या केस रंगवायला गावाबाहेर जातील. प्रत्यक्षात मी तिला माझा रुमाल दिला. राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. पण ती खरं बोलली होती, आणि इकडे ते 'नाही' म्हणण्याहून अवघड आहे.

न्यायाधीशांनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि "चला तर मग" म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ विषय संपला, आता फक्त दारात उभं राहून तासभर बोलायचं.

कंपनीने भरपाई दिली, त्यातून आर्डेलच्या खुब्याचं आणि पुढच्या देखभालीचं भागलं. त्यांची अट होती की मी याबद्दल कुठे बोलायचं नाही. मी म्हटलं, बघू. ब्रेंटने त्यांना या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ समजावून सांगितला आणि अट गळाली. माझ्या दोन अटी मात्र राहिल्या. पहिली, बटन परत मागच्या दाराजवळ, आणि अलार्म वाजला की कामावरच्या कोणीतरी सगळ्या खुर्च्या, सगळ्या खोल्या बघत तिथवर चालत जायचं, मग तो व्यवस्थापक का असेना. दुसरी, कंपनीने लिहून द्यायचं की चूक आर्डेलची नव्हती, कंपनीची होती.

ते पत्र आलं त्या दिवशी मी होममध्ये गेले. आर्डेलच्या शेजारची खुर्ची घेतली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "मिसेस आर्डेल स्कोगन यांची कोणतीही चूक नव्हती." हे वाक्य दोनदा वाचलं.

आर्डेलने मन लावून ऐकलं. "चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "पडलं कोण?"

"एक ड्रायव्हर होती," मी म्हटलं.

"फार लागलं का तिला?"

"लागलं. पण आता बरी आहे."

"बस कोणी बघितली मग?"

पत्राची घडी घालून मी पर्समध्ये ठेवत होते, तेवढ्यात टीं टीं सुरू झालं. पानिया एका आजोबांना धरून उभी होती. आर्डेलने उठायला हात टेकले, पण त्या दिवशी खुबा ठणकत होता; अर्धी उठून ती परत बसली. टेबलामागून ट्रिश बाहेर आली. व्हरांड्यातून झपझप चालत ती मागे गेली, बटन दाबलं, आवाज थांबला, तशीच झपझप परत आली.

"बघितलंस?" आर्डेलने विचारलं.

"बघितलं, मिसेस स्कोगन."

"खाली वाकून?"

ट्रिशने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पर्सची चेन लावत होते. त्या चेनला वेळ लागतो. ट्रिश क्षणभर उभी राहिली, मग वळली, आणि एकेका खुर्चीपाशी थांबत, वाकून खाली बघत पुन्हा मागच्या दाराकडे निघाली.

आम्ही सगळ्यांनी पाय आत घेतले.